दीडला जेवायचं: नागपूरच्या जुन्या गल्ल्यांत कॅमेरा आणि जेवण एका दुपारी कसं जमवावं

नागपुरात नव्याने आलेले लोक कॅमेरा घेऊन बाहेर पडतात तेव्हा दोन चुका हमखास होतात. भर दुपारचं ऊन फोटोला वाईट असं कुठेतरी वाचलेलं असतं, म्हणून बाराच्या ठोक्याला ते हॉटेलात जाऊन बसतात. आणि बसल्याबसल्या तिखट सावजी मटण मागवतात, मग उरलेली दुपार वाया जाते. इतवारी, गांधीबाग, महाल इथल्या अरुंद गल्ल्यांचा हिशेब वेगळा आहे. तिथे हिवाळ्यात ऊन जमिनीला टेकतं तेच मुळी दुपारी. म्हणून आधी फोटो, दीडनंतर जेवण, आणि जेवल्यावर रुंद रस्ता. हा क्रम सांभाळला की बाकीचं सोपं जातं.

सोबत काय घ्यायचं

- कॅमेरा आणि एकच लेन्स (फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला २८ किंवा ३५ मिमी, एपीएस-सी म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला १८ किंवा २३ मिमी). फोन असला तरी चालेल.
- भरलेल्या दोन बॅटऱ्या, रिकामं कार्ड. फोनवर काढत असाल तर पॉवर बँक.
- लेन्स पुसायचं मायक्रोफायबर कापड, झिपच्या पिशवीत. खिशातला रुमाल किंवा दुपट्टा लेन्सला लावू नका.
- कागदी साबण किंवा साबणाची छोटी वडी. का ते पाचव्या पायरीत.
- आधार किंवा ड्रायव्हिंग लायसन्स. पोलिसाने विचारलं तर दाखवायला.
- ५०० रुपये सुट्ट्या नोटांत. बहुतेक ठिकाणी यूपीआय चालतं, पण जुन्या इमारतींच्या आत नेटवर्क जातं आणि गर्दीच्या वेळी पैसे द्यायच्या काउंटरवर रांग अडते.
- खांद्याला तिरकी अडकवायची छोटी बॅग. पाठीवरची सॅक इतवारीत हातगाड्यांना अडकते.

१. महिना आणि वेळ ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने या बेतासाठीच आहेत. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सगळ्यात वर असतो तेव्हाही क्षितिजापासून ४५ अंशांवरच राहतो, म्हणजे माणसाची सावली बरोबर त्याच्या उंचीएवढी पडते. हा प्रकाश चेहऱ्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणीत काळोख करत नाही. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, डिसेंबरात १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास आणि फेब्रुवारीत जवळजवळ साडेबाराला.

आता गल्लीचा हिशेब करा. गल्ली ४ मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंची घरं ८ मीटर उंच धरा. गल्ली पूर्व-पश्चिम असेल तर डिसेंबरात दक्षिणेकडच्या घराची सावली दुपारीसुद्धा समोरच्या भिंतीवर चढते. खाली दिवसभर ऊन येत नाही. दक्षिणोत्तर गल्लीत मात्र साधारण ११ ते सव्वा या वेळात उन्हाचा पट्टा एका भिंतीवरून उतरतो, जमिनीवरून सरकतो आणि दुसऱ्या भिंतीवर चढतो. तुमचे सव्वादोन तास हेच. फोनमधलं होकायंत्र उघडा, गल्ली कोणत्या दिशेची आहे ते पाहा, आणि दक्षिणोत्तर असेल तिथेच थांबा.

एप्रिल ते जून हा बेत करू नका. मेच्या अखेरीस सूर्य नागपुरात थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते, आणि पारा ४५ च्या पुढे जाऊ शकतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी रस्त्यावर माणूसच नसतो, फोटो कोणाचा काढणार? त्या दिवसांत सकाळी ७ ते ९ फिरा आणि जेवणाऐवजी तर्री पोहे खा.

पावसाळ्यात उन्हाचा हिशेब सुटतो, पण एक अडचण नवी येते. एसी हॉटेलातून बाहेर दमट हवेत आलात की लेन्सवर वाफ धरते. पुसलं तरी पुन्हा धरते. कॅमेरा बॅगेत बंदच ठेवून १५ ते २० मिनिटं बाहेरच्या हवेशी जुळू द्या. किंवा सरळ पंख्याच्या खानावळीत जेवा.

२. एका दुपारी एकच भाग

तीन भाग एका दिवसात उरकायचे ठरवलेत तर तिन्ही हातचे जातात. मेट्रोच्या ॲक्वा लाइनवर अग्रसेन चौक किंवा चितार ओळी चौक स्टेशनला उतरा. इतवारी, गांधीबाग आणि महाल तिन्ही तिथून पायी गाठता येतात. गाडी आणू नका. पार्किंग शोधण्यातच उन्हाचा पट्टा निघून जातो.

इतवारी-गांधीबाग: कापड, सराफा, किराणा, मसाले. मस्कासाथकडे मिरचीची पोती उघडी असतात, तिथे शिंका आवरून फोटो काढावे लागतात, आणि लाल रंग फोनच्या कॅमेऱ्यात फाटतो. एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) थोडं खाली ओढलंत की रंग परत येतो. हमाल, हातगाड्या, ताडपत्र्यांतून गळणारं ऊन, सगळं इथे आहे. नावात ऐतवार असला तरी ठोक बाजाराची बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून कामाच्या दिवशीच जा. गोळीबार चौक आणि आसपासच्या वस्तीत सावजी भोजनालयं आहेत.

महाल: बडकस चौक, केळीबाग रोड, गांधी गेट, जुने वाडे. इथे वेग कमी, माणसं बोलकी. चितार ओळीत गणपतीच्या आणि नवरात्राच्या आधी मूर्तिकारांची कामं जोरात असतात. ऑगस्ट-सप्टेंबरात जाणार असाल तर दुसरीकडे कुठे जाऊच नका. मूर्तीच्या ओल्या रंगापासून हातभर लांब राहा आणि बॅग पोटाकडे घ्या.

बर्डी: सीताबर्डीचा मुख्य रस्ता आणि 'मोदी नंबर' म्हणतात त्या गल्ल्या. गर्दी भरपूर, खायला सगळं मिळतं, आणि ॲक्वा व ऑरेंज दोन्ही मेट्रो लाइन इथेच भेटतात. रस्ता रुंद असल्याने हा भाग जेवणानंतरच्या तिरप्या उन्हाला जास्त शोभतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते. काळी आणि पिवळी मारबत (मिरवणुकीतले मोठे पुतळे) पाहायला इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी जेवणाचा बेत सोडा, लेन्स बदलायची नाही, बॅगेला बाहेरचा कप्पा नको.

३. कॅमेरा घरूनच लावून न्या

उन्हाच्या पट्ट्यासाठी: मॅन्युअल मोड, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप), १/८०० (शटर, सेकंदात), आयएसओ २०० (सेन्सर उजेड किती टिपतो त्याचं माप). नागपूरच्या स्वच्छ हिवाळी उन्हाला हे माप बसतं. सावलीतल्या भागासाठी आयएसओ १६०० आणि १/४००. दोन्ही मापं कॅमेऱ्यातल्या दोन बटणांवर सेव्ह करून ठेवा, म्हणजे वळलं की लगेच बदलता येतं.

फोकस हाताने लावा. फुल फ्रेमवर २८ मिमी किंवा एपीएस-सीवर २३ मिमी लेन्स असेल आणि एफ/८ असेल, तर फोकस सव्वातीन मीटरवर ठेवला की साधारण १.६ मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. म्हणजे दोन पावलांच्या पलीकडे असलेल्या माणसासाठी फोकस शोधावाच लागत नाही. इथे नवखे अडकतात: ऑटोफोकस लटकत्या ओढणीवर किंवा सायकलच्या हँडलवर जातो आणि माणूस पुसट येतो.

फोन असेल तर पडद्यावर उजेडाच्या जागी बोट दाबून धरा, फोकस लॉक होऊ द्या, मग एक्सपोजर खाली ओढा. उजळलेला चेहरा वाचला पाहिजे, सावली काळी पडली तर पडू द्या. झूम दोनपटीपेक्षा जास्त नको.

४. जेवणाआधी: थांबणं हेच काम

चांगली गल्ली मिळाली की चालत सुटू नका. जिथे पट्टा जमिनीवर पडलाय आणि मागे गडद दुकान आहे अशी जागा निवडा, भिंतीला पाठ लावून १० ते १५ मिनिटं उभे राहा. पहिली दोन-तीन मिनिटं सगळे तुमच्याकडे पाहतात. त्यानंतर तुम्ही गल्लीतलं सामान होता. डोक्यावर गठ्ठा घेतलेला हमाल सावलीतून पट्ट्यात पाऊल टाकतो तेव्हा आधी त्याचा खांदा उजळतो, मग गालाचं हाड, मग गठ्ठ्याची दोरी. शटर गालाच्या वेळी दाबा. दोरी उजळेपर्यंत थांबलात तर तो पट्ट्याच्या बाहेर गेलेला असतो.

कोणी ना कोणी विचारेलच, "काहून काढता फोटो?" उत्तर तयार ठेवा आणि खरं द्या: "शौक आहे भाऊ, जुन्या गल्लीचे फोटो काढतो. पाहता का?" आणि कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यासमोर धरा. वयाने मोठ्यांना काका, बाईमाणसांना ताई किंवा मावशी. गांधीबागेत बरेच व्यापारी हिंदीतच बोलतील, तुम्हीही हिंदीत बोला. नको म्हटलं की त्यांच्यासमोर फोटो पुसायचा, वाद घालायचा नाही. लहान मुलांचे जवळून फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीत.

खर्रा घोटणाऱ्याचं दृश्य नव्या माणसाला फार मोहात पाडतं: सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घेऊन जोरजोरात घासणारे हात. पण खर्रा विकायला महाराष्ट्रात बंदी आहे. कॅमेरा दिसला की ठेलेवाल्याला धाडीची भीती वाटते, आणि ते साहजिक आहे. विचारल्याशिवाय तिथे कॅमेरा उचलू नका.

५. जेवायला बसताना

दीड ते पावणेदोनला हॉटेल गाठा. त्याआधी टेबलं भरलेली असतात. अडीचनंतर काही भोजनालयांत मोजकेच पदार्थ उरतात, आणि दुपारी बंद होऊन संध्याकाळी उघडणारीही बरीच आहेत. दाराजवळची किंवा खिडकीजवळची जागा मागा, आतली एसीची खोली नको. टेबल चार जणांचं आणि तुम्ही दोघं असाल तर दुसरे येऊन बसतील. इथे तशीच रीत आहे.

सावजी ही हलबा कोष्टी विणकर समाजाची रांधण. तिखटपणा फक्त लाल मिरचीचा नसतो. काळी मिरी, लवंग, दगडफूल, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस असा मसाला वाटलेला असतो. म्हणून पहिल्या घासाला तो सौम्य वाटतो आणि तिसऱ्या घासाला कान तापतात. "कमी तिखट करा" म्हणून उपयोग नाही, कारण रस्सा एकाच पातेल्यात सकाळीच झालेला असतो. त्याऐवजी म्हणा, "तर्री कमी टाका, खालचा घट्ट रस्सा द्या." तर्री म्हणजे वर तरंगणारं मसाल्याचं तेल, आणि तिखटाचा मोठा भाग त्यातच असतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने हा क्रम ठेवावा:

पहिली दुपार पाटोडी रस्सा. बेसनाच्या वड्या रस्सा शोषतात आणि तिखट अंगावर येत नाही. सोबत ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू. दुसऱ्या खेपेला डाळकांदा किंवा अंडाकरी. मटण, खूर, मुंडी तिसऱ्यांदा. तिखट लागलं तर पाणी पिऊन उतरत नाही, कारण मिरचीचा तिखट भाग पाण्यात नाही, तेलात विरघळतो. दही किंवा ताक घ्या, भाकरीचा कोरडा तुकडा चावा.

सावजी झेपणार नसेल तर नागपुरी जेवण देणाऱ्या खानावळीत वडाभात मागा: गरम भातावर डाळींचा वडा कुस्करायचा, वरून हिंग-लाल मिरचीची तेलाची फोडणी, बाजूला कढी. उन्हात परत निघायचं असेल तर याच्याइतकं सुखाचं जेवण नाही. आणि सांबार म्हणजे इथे कोथिंबीर. "सांबार टाकू का?" असं विचारलं तर इडलीवाला सांबार समजून नको म्हणू नका.

जिथे लांब रोटी होते तिथे आधी चुलीकडे नजर टाका. सैल कणीक हातावर फेकत फेकत कोपरापर्यंत ताणली जाते, आरपार दिसायला लागते, आणि उलट्या माठावर पसरते. माठावर टाकताच कडा फुगतात. करणाऱ्या बाईंना विचारा, "मावशी, तुमच्या हाताचा एक फोटो काढू का?" हात म्हटलं की बहुतेक जणी हो म्हणतात, चेहरा म्हटलं की लाजतात. रोटी हवेत स्थिर हवी असेल तर १/५००, फिरल्यासारखी दिसायला हवी तर १/३०. भाजणाऱ्याच्या आणि चुलीच्या मध्ये कधीही जायचं नाही.

आणि साबण इथे लागतो. जेवताना उजवा हात ताटाचा, डावा कॅमेऱ्याचा. जेवून नुसत्या पाण्याने हात धुतले तर मिरचीचं तेल बोटांवर राहतं. ते बोट व्ह्यूफाइंडरच्या रबराला लागतं, रबर डोळ्याला, आणि पुढचा अर्धा तास तुम्ही डोळे चोळत बसता. साबणाने दोनदा धुवा, नखांच्या कडेने घासा. फोनवाल्यांनी लेन्सची काचही बघावी. तेलकट बोट लागलं की सगळ्या फोटोंवर दुधाळ पडदा येतो आणि कारण घरी गेल्यावर कळतं.

६. ताटाचा फोटो: दोन मिनिटांत

ताट आल्यापासून दोन मिनिटं. त्यापेक्षा जास्त घेऊ नका. जेवण थंड होतं आणि दारात लोक जागेसाठी उभे असतात.

ताट दाराच्या बाजूला सरकवा, म्हणजे उजेड मागून किंवा कडेने येईल. सावजी रस्सा गडद तपकिरी, जवळजवळ काळा असतो. समोरून उजेड पडला तर तो चिखलासारखा दिसतो. मागून पडला तर तेलाच्या गोलांची कड चमकते आणि मटणाचा तुकडा वर उठून दिसतो. गडद वाटी जवळून घेतली की कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो, म्हणून एक्सपोजर उणे ०.७. सावलीची बाजू फार काळी असेल तर पांढरा मेनू किंवा कागदी नॅपकिन उभा धरा.

डोक्यावर ट्यूब, दारातून ऊन: दोन रंगांचे उजेड मिसळले की भात एका बाजूला निळसर आणि दुसरीकडे पिवळट येतो. व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) "डेलाइट"वर पक्का करा आणि ताट उन्हाच्या बाजूला न्या. ट्यूबखालीच काढायचं असेल तर शटर १/१०० किंवा १/५०. याहून वेगवान ठेवलं तर विजेच्या लुकलुकीने फोटोत आडवे पट्टे येतात. फ्लॅश अजिबात नको.

तर्री पोह्यांचं वेगळं गणित आहे. तर्री ओतली की मिनिटभरात पोहे रस्सा पितात आणि वरचे हरभरे खाली बसतात. ठेलेवाल्याला तर्री वेगळ्या वाटीत मागा, प्लेट उजेडात ठेवा, मग ओता आणि ओततानाच काढा.

शेजारच्या टेबलावर जेवणाऱ्यांना फ्रेममध्ये घेऊ नका. घास तोंडात असलेल्या माणसाचा फोटो कोणालाच आवडत नाही.

७. कॅमेरा कुठे बंद ठेवायचा

- सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. प्रवेशद्वार, पहारे, कुंपण यांचे फोटो नाहीत.
- महालातल्या संघ मुख्यालयाभोवती कडक सुरक्षा असते. त्या रस्त्याने जाताना कॅमेरा बॅगेत.
- मेट्रो आणि रेल्वे स्टेशनच्या आत मोठा कॅमेरा काढला की सुरक्षारक्षक हरकत घेतात. बाहेरच्या पायऱ्यांवरून काढा.
- हिवाळी अधिवेशन डिसेंबरात असेल तेव्हा विधान भवन आणि सिव्हिल लाइन्सच्या बाजूला बंदोबस्त आणि मोर्चे असतात, रस्ते वळवले जातात. त्या आठवड्यात बर्डीऐवजी महाल धरा.
- सराफा दुकानांच्या आत, तिजोरीकडे, नोटा मोजणाऱ्या हातांकडे कॅमेरा वळवू नका.

८. जेवणानंतर

पावणेतीनला बाहेर पडा. डिसेंबरात ३ वाजता सूर्य ३० अंशांवर आलेला असतो आणि माणसाची सावली पावणेदोनपट लांब होते. गल्ल्या आता अंधारल्या आहेत, तिकडे परत जाऊ नका. सेंट्रल अव्हेन्यूच्या कडेने चाला किंवा मेट्रोने बर्डीला या. सूर्याकडे तोंड करून उभे राहा, समोरून येणाऱ्यांच्या सावल्या तुमच्याकडे धावतात. सायकलरिक्षा, चाकं, छत्र्या यांचे आकार इथे सापडतात. मोजमाप उन्हाचंच ठेवा, माणसं काळी आली तरी चालतील.

साडेचारला थांबा. सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, पण सव्वादोन तासांची गल्ली आणि दीड तासाचा रस्ता एवढ्यात डोळा थकतो, आणि थकलेल्या डोळ्याने काढलेले फोटो रात्री पुसावेच लागतात.

घरी आल्यावर कार्ड लगेच रिकामं करू नका. आधी दोन ठिकाणी उतरवा. लांब रोटी करणाऱ्या मावशी, ठेलेवाले काका, ज्यांनी हो म्हटलं होतं त्यांच्यासाठी प्रत्येकी एक फोटो वेगळा काढा. व्हॉट्सॲपवर मागितला असेल तर त्याच रात्री पाठवा. नसेल मागितला तर ४ बाय ६ ची प्रिंट करून मागे तारीख लिहा आणि पुढच्या खेपेला जेवायला जाताना घेऊन जा. मात्र ती ऐन गर्दीत देऊ नका. अडीचनंतर, चुलीवरचं पातेलं उतरलं की द्या.